ताट वाजलं की गल्ली बाहेर येते

— नाही नाही, आधी बस तू. खोली काय पळून नाही जात. बस इथं ओट्यावर, माझ्या बाजूला — हां, तो साड्यांचा गठ्ठा सरकव तिकडे, पाय नको लागू देऊ, सेठच्या माणसाला एक डाग दिसला तर आठ दिवस ऐकवतो. आणि तो मोबाईल ठेव आधी पर्समध्ये. गल्लीचे फोटो काढत होतीस ना? मी पाहिलं. मी एकटीनंच नाही, समोरच्या तिघींनी पाहिलं, वरच्या गॅलरीतल्या म्हातारीनं पाहिलं. सकाळी दहाला आलीस, कोपऱ्यावर उभी राहिलीस. दुपारी परत आलीस, तेव्हा डोक्यावर ओढणी घेतली होती — पण चप्पल तीच, चपलेवरून ओळखलं मी. आणि आता साताची पाळी सुटायच्या वेळेला तिसऱ्यांदा. म्हणून हाक मारली. एवढ्या मोठ्यानं का मारली? सगळ्यांना ऐकू जावी म्हणून. 'ये वं माय, किती उशीर केला' — जशी काही तू माझ्या भावाची पोरगी! तू तर बावचळून उभीच राहिलीस. बावचळायचं काय त्यात, हसायचं आणि यायचं. आता बघ, गेल्या ना तिघी आपापल्या कामाला? मग. घे, चहा घे.

मला मंगलाबाई म्हणतात. पारोळ्याकडची मी. तेवीस वर्षं झाली सुरतेत, त्यातली एकोणीस इथं लिंबायतला, ह्याच ओट्यावर. काम काय — हे धागा कटिंग. साडीच्या मागच्या बाजूला धागे लोंबतात ना, ते कापायचे. हात आपोआप चालतो, डोळे मोकळे. ह्या डोळ्यांनी गल्लीतलं काही सुटत नाही, कोणाच्या घरी पाहुणा आला, कोणाचा गॅस संपला, सगळं. तुझं पण बघ, सकाळी त्या दुकानदाराला म्हणालीस, नवरा इच्छापोरला कंपनीत आहे. दुपारी भूपेंद्रभाईला म्हणालीस — खोली त्याचीच ना, तो सगळं सांगतो मला — की नवरा गावी जाफराबादला आहे. असू दे, असू दे, मी कुठं विचारते! माणसाला एक नवरा असतो, तो एका वेळी एकाच ठिकाणी असतो, एवढंच म्हणते. छाया नाव ना तुझं? आणि पाच वर्षांची पोरगी, ती भेस्तानला मैत्रिणीकडे ठेवलीस, आठ दिवस झाले, मैत्रिणीचा नवरा आता तोंड वाकडं करायला लागला. बरोबर? 'भाई, मला बाकी काही नको, नळ नसला तरी चालेल, फक्त मी आणि पोरगी निर्धास्त झोपू अशी जागा पाहिजे.' हेच म्हणालीस ना त्याला? ते ऐकूनच मी हाक मारली बाई. उगाच नाही.

आता गल्ली कशी आहे हे मला विचारलंस तर मी काय सांगणार? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आणि फोटोत काय दिसणार तुला — भिंती? गल्ली बघायची तर आधी वाळत घातलेले कपडे बघ. बायकांचे आतले कपडे दोरीवर उघडे दिसले तर गल्ली चांगली. झाकून, साडीखाली घालून वाळवत असतील तर समज, इथं कोणाची तरी नजर वाईट आहे. दुकान बघ. दुकानदार जाळीआडून माल देतो की गल्ला उघडा टाकून जेवायला जातो? दारूची पोटली कुठं मिळते ते बघ — मिळते वं, दारूबंदी तिच्या जागी, पोटली तिच्या जागी — गल्लीच्या तोंडाशी मिळते की दोन गल्ल्या सोडून? आणि एकदा येऊन नाही भागत. सकाळी यायचं, माणसं कामावर निघतात तेव्हा. दुपारी यायचं, रातपाळीवाले झोपलेले असतात, तेव्हा रिकामटेकडं कोण फिरतं ते दिसतं. आणि पाळी सुटताना यायचं. तीन वेळा. आणि विचारायचं तर मोठ्यांना नाही विचारायचं, मोठे खोटं बोलतात — पोराला विचारायचं! सात-आठ वर्षांचं पोर गाठ, बिस्कीट दे, खाली बस आणि विचार, इथं भांडणं कोण करतं. पोर एका दमात सगळ्या गल्लीचं बिंग फोडतं. हसू नको, हे माझ्या सासूचं शिक्षण. सात खोल्या बदलल्या तिनं सुरतेत, एकदा नाही फसली. आपल्याकडून जो येतो तो माझ्याकडे येतो, मंगलाबाई खोली बघा, मंगलाबाई गल्ली कशी, आणि मी प्रत्येकाला हेच सांगते. सांगायची. आता नाही सांगत.

का म्हणजे? नाही सांगत, बस. तुला सुद्धा कोणी सांगितलं नव्हतं ना, तरी तू तीनदा आलीस. बाईच्या जातीला आपोआप कळतं काही काही.

ते जाऊ दे. चोरीचं विचारत होतीस ना — चोरी नाही. पाच वर्षांत एक बादली नाही गेली इथून. कारण काय? ताट! लॉकडाऊनमध्ये सगळ्या देशानं ताटं वाजवली, आठवतं ना? बाकीच्यांनी ती परत मांडणीवर ठेवून दिली. आम्ही नाही ठेवली. त्या वर्षी गल्लीतून दोन सिलेंडर गेले, एक मोटरसायकल गेली, आणि चिंधाभाऊ — तो समोर राहतो, यंत्रमागावर कामाला आहे — चिंधाभाऊनं सगळ्यांना बसवून ठरवलं, आजपासून कोणी ताट वाजवलं की सगळ्यांनी बाहेर यायचं. हातात असेल ते घेऊन. लाटणं तर लाटणं, मागाचा दांडा तर दांडा. आधी यायचं, मग विचारायचं. आणि येतात हं! पन्नास माणसं एका मिनिटात. एकदा एका पोटलीवाल्यानं इथल्या पोरीचा हात धरला, नुसता हात धरला — असा फोडला त्याला की उठून चालता येईना, ढुंगणावर सरकत सरकत गेला मेनरोडपर्यंत. दुसऱ्या दिवशी माझी नात हर्षाली गटारातून दोन दात घेऊन आली, आजी हे बघ, मातीत टाकू का, नवीन येतील? मी हसले. काय करणार, हसूच आलं. तेव्हापासून आजूबाजूच्या गल्ल्यांत पण नाव झालं, ह्या गल्लीत पाऊल ठेवायचं नाही. मग कोणी आलंच नाही. आला तो एक हेमराजच, पण तो तर —

कोणी नाही. चहा गार झाला तुझा.

अशी बघू नको माझ्याकडे. चहा पी म्हटलं ना. — बरं, ऐक. तसंही तू खोली घेतलीस तर महिनाभरात कोणीतरी कानाशी येऊन सांगेलच, आणि मीठमिरची लावून सांगेल. त्यापेक्षा मी सांगते. गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. शिंदखेड्याकडचा पोरगा, पंचवीस-सव्वीसचा, हेमराज नाव. सकाळी आला, तू बसलीस ना, इथंच बसला. ह्याच खोलीसाठी आला होता. बायको गावी, सातवा महिना सरलेला, बाळंत झाली की घेऊन येणार, म्हणून आधी खोली बघतो म्हणाला. गोड पोरगा. माझ्याशी आपल्या अहिराणीत बोलला, मला बरं वाटलं — आता माझी पोरं सुद्धा बोलत नाहीत, गुजराती नाहीतर हिंदी. मी त्याला सगळं सांगितलं. कपडे बघ, दुकान बघ, तीनदा ये, पोराला विचार. त्यानं लिहून घेतलं वं! खिशातली छोटी वही काढून लिहून घेतलं, आणि म्हणतो, माय, तुम्ही तर गल्लीचा पंचनामाच करायला लावता. हसत हसत गेला.

आणि त्या आठवड्यात ते मोबाईलवर चालू होतं. पोरं पळवणारी टोळी आली आहे, बिस्किटात गुंगीचं औषध देतात, कुठला कुठला व्हिडिओ. खरं काही नव्हतं त्यात, नंतर कळलं. पण तेव्हा सगळ्या बायका पोरांना कडेवर घेऊन पाण्याला जायच्या. मी संध्याकाळी आत भाकरी थापत होते, हर्षाली बाहेर खेळत होती. ही आत का येत नाही म्हणून दारात आले — आणि बघते तर एक माणूस तिच्यासमोर उकिडवा बसलेला, डोक्याला रुमाल बांधलेला, हातात बिस्किटाचा पुडा, आणि तिला हळू आवाजात काहीतरी विचारतोय. मला पाठ दिसली फक्त. पाठीवर काय नाव लिहिलेलं असतं माणसाचं? सकाळी रुमाल नव्हता त्याच्या डोक्याला. मी ताट उचललं आणि लाटण्यानं बडवायला सुरुवात केली.

बस. आले सगळे. पाळी नुकतीच सुटलेली, गल्ली भरलेली, पन्नासाच्या जागी शंभर. चिंधाभाऊनं पहिला दांडा त्याच्या गुडघ्यावर घातला, मग पाठीत, मग कोणाचा कोणाला मेळ नाही. धुणं आपटल्यासारखा आवाज येत होता, तसाच, एका लयीत. एकानं त्याची मान पायाखाली दाबली. एकानं त्याची बोटं — तो वही काढत होता गं खिशातून, दाखवायला, त्यांना वाटलं सुरा काढतोय — बोटं ओट्याच्या कडेवर ठेवून ठेचली. ह्याच ओट्याच्या. आणि तेवढ्यात त्यानं मान वर केली, मला पाहिलं, आणि ओरडला, 'माय वं, मी शे ना, सकायना! तू सांग ना यास्ले!' मी आहे, सकाळचा, यांना सांग ना तू. सगळ्या गल्लीला कळत होतं ते, अर्धी गल्ली खानदेशची. पण त्या कालव्यात ऐकलं फक्त मी.

हो, ओळखलं. त्याच क्षणी ओळखलं. खोटं कशाला बोलू, दिवा लावायची वेळ आहे.

मग का नाही बोलले? तू विचारतेस, मी पण विचारते स्वतःला रोज. 'थांबा' एवढाच शब्द. जिभेवर आला होता. पण एवढी माणसं माझ्या ताटावर धावून आलेली, त्यांना काय सांगू, चुकलं? ज्यांचे चार चार दांडे घालून झाले होते त्यांनी काय करायचं, सॉरी म्हणायचं? मला वाटलं आता थांबतील, आपोआप थांबतील, दमतील. आणि हात — माझा हात थांबला नाही बाई. मी ताट वाजवतच होते. तो माझ्याकडे बघतोय, तोंडातून रक्ताच्या गुळण्या येतायत, आणि मी वाजवतेय. आणि मग महेशनं दोन्ही हातांनी दांडा वर घेऊन जो डोक्यात घातला —

चिंधानं. चिंधा म्हणाले मी.

महेश माझा मुलगा, हर्षालीचा बाप, तो तेव्हा कारखान्यात होता, पोलिसांना पण हेच सांगितलंय मी, विचार कोणालाही. त्या दिवशी त्याच्या अंगावर शर्ट सुद्धा दुसरा होता, तो निळा नव्हताच, निळा तर मी आधीच जाळला होता, म्हणजे — फाटला होता म्हणून. जुना झाला होता. काय बघतेस? चूल पेटवायला घेतला जुना शर्ट, त्यात काय! — राहू दे. राहू दे गं. तुझ्या तोंडावरून दिसतंय कळलं तुला. महेशनंच. माझ्याच पोरानं. त्याला वाटलं त्याच्या पोरीला पळवायला आलाय, बापाचं डोकं फिरणार नाही तर काय होईल? पण मी ओळखलं होतं ना. त्याला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. एका शब्दाचं काम होतं, तो शब्द मी गिळला, आणि माझं पोरगं जन्माचं खुनी झालं. आता तो रात्री जेवत नाही, पोरीला हात लावत नाही, तिला जवळ घेत नाही. सरकारी दवाखान्यात तिसऱ्या दिवशी जीव सोडला हेमराजनं. पोलीस आले, चार वेळा आले, शंभर माणसांतल्या एकानंही काही पाहिलं नाही. हेमराजचा बाप आला होता. कोपऱ्यावर उभा राहिला पिशवी घेऊन, आत नाही आला, कोणाला काही विचारलं नाही, पाऊण तास उभा राहिला आणि गेला. मी आतून बघितलं, दार लोटून.

आणि हर्षाली काय म्हणाली माहीत आहे? त्या रात्री मी तिला विचारलं, बाळा, काय विचारत होता तो तुला. म्हणाली, आजी, तो काका विचारत होता, इथं मारामारी होते का. मी त्याला म्हटलं, नाही होत.

रडू नको. तू रडलीस की ती समोरची परत बाहेर येईल. पूस डोळे. तुला भीती घालायला नाही सांगितलं, पण आता तरी कळलं ना, कसली जागा — काय? काय म्हणालीस? परत बोल.

घेणार? खोली घेणार? एवढं ऐकून? — थांब, हळू बोल, मला नीट सांग. 'एका मिनिटात पन्नास माणसं येतात, मावशी, असलीच गल्ली पाहिजे मला.' अगं बाई माझ्या. इकडे बघ. ती ओढणी बाजूला कर जरा गळ्यावरून. कर म्हणते ना, मी काय परकी आहे? — माय वं. कशानं झालं हे? दार लागलं? दाराला पाच बोटं असतात का गं? आठ दिवस होऊन अजून एवढं काळं आहे, म्हणजे त्यानं तर जीवच घेतला होता. आणि तो शोधतोय तुला. इच्छापोर नाही, जाफराबाद नाही, सुरतेतच फिरतोय तो, तुझा फोटो दाखवत, खरं ना? आणि तू कोपऱ्या-कोपऱ्यावर उभी राहून हे बघत होतीस, कोणत्या गल्लीतली माणसं बाहेर येतात.

आता ऐक माझं, छाया. त्या खोलीच्या भिंतीला लागून सुकलालची खोली आहे. तो आणि त्याची बायको रंजना. ज्या दिवशी लाईट बंद असतो, कारखान्याला सुट्टी, त्या दिवशी तो तिला मारतो, नेमानं. दिवाळीत तिचा हात तव्यावर दाबून धरला त्यानं. मांसाचा वास माझ्या घरात आला. आणि ती रंजना काय गप्प बसणारी नाही, ती बाहेर पळत आली आणि तिनं ताट वाजवलं! जळलेल्या हातानं वाजवलं. आले ना, सगळे आले, दांडे घेऊन, एका मिनिटात. सुकलाल दारात उभा राहिला, बनियनवर, आणि म्हणाला, घरचं आहे, जा. आणि गेले. एकही पुढे नाही झाला. चिंधाभाऊ तर हसून म्हणाला, वहिनी, ताट जेवायला ठेवा. आणि मी? मी तिच्या हातातून ताट काढून घेतलं आणि तिच्या मांडणीवर नेऊन ठेवलं. तिच्या हाताला हळद लावली आणि म्हणाले, सोस बाई, पुरुषाची जात आहे.

तुझा नवरा येईल तेव्हा तो काही चोरासारखा तीन चकरा मारणार नाही. पोराला बिस्कीट देऊन हळू आवाजात विचारणार नाही. छाती काढून येईल आणि दुकानावर विचारेल, माझी बायको छाया कुठं राहते. आणि पन्नास जण बोट करून दार दाखवतील त्याला. मी पण दाखवीन. लांबून आला म्हणून पाण्याचा तांब्या भरून देईन मी, मला माझी ओळख आहे ना आता. आणि तू आत ओरडशील तेव्हा मी हर्षालीला घरात घेईन आणि टीव्ही मोठा करीन.

म्हणून ऊठ. ऊठ, अंधार पडायच्या आत नीघ, आता पाळी सुटलेली आहे, गर्दीत मिसळून जा, रिक्षा मेनरोडला कर, कोपऱ्यावर थांबू नको. — मग कुठं जाऊ काय विचारतेस मला? मला नाही माहीत. तेवीस वर्षांत सगळी सुरत बघितली मी, तुझ्यासाठी म्हणून सांगावी अशी एक गल्ली मला माहीत नाही. हात सोड माझा. सोड गं, साडीला चहाचा डाग पडेल. तो बघ भूपेंद्रभाई चावी घेऊन आलाच — जा तू, मी सांगते त्याला, बाईला खोली पसंत नाही पडली.